ठमाकाकीचे चोपणे

खालापूर, ता. १२ नोव्हेंबर १९०८.

भात कापून झाले, भारे बांधावर येऊन पडले, आणि आमचे खळे अजून तयार नाही. म्हणून आज सकाळी माळ्यावरून चोपणे काढले. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगते. मळणीसाठी जी जमीन करतात तिच्यात एक भेग चालत नाही. भेगेत गेलेला दाणा परत हाती लागत नाही. माती भिजवायची, ती अर्धवट सुकली की मुठीच्या जाड लाकडी फळीने, म्हणजे चोपण्याने, ठोकून ठोकून बसवायची. तीन-चार दिवस उकिडवे बसून करायचे हे काम, आणि ते बायकांचे. इथल्या मुलींच्या शाळेत मी शिकवते, तिथली चंद्री याच कामापायी सोमवारपासून आलेली नाही. ‘खळं झालं की पाठवते’, असा तिच्या आईचा निरोप आहे. खळ्यानंतर मळणी असते आणि मळणीनंतर आणखी काही निघते, हे मला चांगले ठाऊक आहे.

मी काढलेले चोपणे माझे नव्हे, ठमाकाकीचे. तिला जाऊन पाच आठवडे झाले.

बातमी कळली तेव्हा मी वर्गात होते. कशेळ्याकडचा एक गाडीवान कचेरीच्या कामाला खालापुरात आला होता. तो दाराशी उभा राहिला आणि पागोटे सारखे करीत म्हणाला, “बाय, ठमाबाय गेली. परवा.” मुली एकोणिसाचा पाढा म्हणत होत्या. मी तो पुरा करून घेतला, मग बाहेर गेले. परवा गेली म्हणजे सगळे आटोपलेले होते. धावत जाण्यासारखे काही उरले नव्हते. गाडीवानाला पाणी दिले, तिच्या मुलांना चार ओळी लिहून दिल्या आणि पुन्हा वर्गात येऊन विसाचा पाढा घेतला. तो सोपा असतो.

ठमाकाकी माझी सख्खी काकी नव्हे. कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला माझे माहेर, आणि तिथे आमच्या अंगणाला लागून तिचे अंगण. तिला तीन मुलगे, मुलगी नाही. बाई काळी, उंच, तोंडाने फटकळ. मिशेरी लावल्याखेरीज तिचा दिवस उजाडत नसे, आणि कुणाला बरे म्हटलेले मी तिच्या तोंडून फारसे ऐकले नाही. पण जमीन करावी तर तिनेच. कुणाकडे लग्न निघाले की आधी ठमाकाकीला बोलावणे जाई. ती ओल्या मातीवर टाच दाबून बघे. ठसा उमटला आणि पाणी वर आले नाही, की म्हणे, “बसा गं आता.” मग दहा-बारा बायका ओळीने बसत. चोपण्याचा आवाज पहिल्या दिवशी मऊ येतो, तिसऱ्या दिवशी खणखणीत. काकी डोळे मिटून आवाज ऐके आणि कुणाच्या पुढ्यात जमीन अजून पोकळ आहे ते नेमके सांगे.

मी आठ वर्षांची होते तेव्हा आमच्या गावात शाळा बांधायचे ठरले. पुण्याची पाच-सहा शिकलेली पोरे सुटीत आगगाडीने कर्जतला उतरत आणि तिथून पायी आमच्याकडे येत. त्यांचा पुढारी भास्करराव. चष्मा लावणारा, बोलका, अंगाने काटकुळा. आपल्या हातांनी शाळा उभी करायची असा त्यांनी नेमच केला होता. पहिल्या दिवशी दगड वाहून त्यांच्या हाताला फोड आले तेव्हा गाव दुरून बघत होते. दुसऱ्या दिवशी माझा बाप न बोलता उठला आणि दगडाखाली खांदा लावला. तिसऱ्या दिवशी अर्धे गाव होते. कुणी वासे दिले, कुणी कौले, पाटलांनी गाड्या. भिंती चढल्या, छप्पर झाले. शिमग्याच्या आधीच आमची शाळा लांबून शाळेसारखी दिसू लागली, आणि पाडव्याला ती उघडायचे ठरले. त्याआधी शाळाखात्याचे साहेब येऊन इमारत बघणार होते. त्यांना पसंत पडली तर मास्तर मिळणार होता.

बांधकाम चालू असतानाची एक बैठक मला आठवते. पाटलांच्या ओट्यावर पुरुष बसले होते, बायका खाली गोठ्याच्या आडोशाला. भास्कररावांनी उभे राहून सांगितले की शाळेत मुलीही बसाव्यात. ओट्यावर हशा पिकला. “पोरी शाळेत, मंग गवऱ्या थापायला मास्तर का?” असे कुणीतरी म्हणाले, आणि भास्कररावही थोडे हसले. “बरे, ते पुढे बघू,” म्हणून खाली बसले. काम अडू नये एवढाच त्यांचा हेतू होता, हे मला आज कळते. ठमाकाकी त्या वेळी माझ्या शेजारी उभी होती. ती एवढेच म्हणाली, “बसला बघ.”

आता त्या पोरांची चूक. गावाला अचानक तयार शाळा दाखवायची, आणि बायकांना त्रास द्यायचा नाही, म्हणून आतली जमीन त्यांनी आपणच केली. शेतातली बारीक तांबडी माती आणून पसरली, वर भरपूर पाणी ओतले, हातांनी गुळगुळीत केली आणि दारे ओढून घेतली. चोपायची असते हे त्यांच्या गावीही नव्हते. पुण्याच्या घरी जमीन कोण करते, कधी करते, हे त्यांनी कशाला बघितले असेल! आठ दिवसांनी दार उघडले तर आत वाळक्या तळ्याचा तळ. एवढाल्या भेगा, आणि माती कडेने पापडासारखी वर वळलेली. साहेब यायला दहा दिवस उरले होते.

भास्करराव काकीकडे आले तेव्हा ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मी कुंपणाशी भावाला कडेवर घेऊन उभी होते.

“काकी, आमची चूक झाली.”

“चूक कसली रं? भाकर थापलीस नि भाजायची राह्यली, येवढंच.”

“तुम्ही बायका मिळून जमीन करून द्याल का?”

“देऊ की. पन तिच्यावर बसनार कोन?”

“गावातली मुले.”

“पोरगं ना समदं? मंग त्यांच्या बापांना सांग, चोपनी घ्या नि बसा.”

आणि सूप वाजवत ती पुढचे पाखडू लागली.

तासाभरात गावभर झाले. पाटील स्वतः आले. “ठमे, गावाची शाळा हाय. आडवनूक करू नगंस.”

“आडवते कुठं, पाटील? मी माज्या अंगनात बसलेय.”

“आगं, तुला तर पोरगीच नाय! तुला काय पडलंय?”

“म्हनून तर मागते. माजी असती, तर म्हनला असता, सोताच्या पोरीसाठी भांडते.”

दुसऱ्या दिवशी पुरुष खरोखरच चोपणी घेऊन बसले. माती खणून पुन्हा भिजवलेली होती. उकिडवे बसून ठोकायचे, आणि बसल्या बसल्या पुढे सरकायचे. अर्ध्या तासात एकेकाची कंबर धरली. पाटलांचा भाऊ मागे कलंडला तो ओल्या मातीतच बसला. बायका दाराखिडक्यांतून बघत होत्या. “भावजी, वाढून देऊ का तितंच?” असे कुणीतरी ओरडले आणि सगळ्याजणी हसल्या. आईने तोंडाला पदर लावला होता, पण तिचे खांदे हलत होते.

संध्याकाळी भास्करराव पुन्हा काकीच्या अंगणात आले. या खेपेला पाटील आणि माझा बाप बरोबर होते. भास्करराव म्हणाले, “काकी, मी त्या दिवशी बोललो आणि गप्प बसलो. ते चुकलेच.” काकीने मान हलवली. पाटील म्हणाले, “बरं बाय, बसू दे पोरी. पन धाडनार कोन? एक तरी दाव.”

काकीने हात लांब करून कुंपणापलीकडे माझ्याकडे बोट दाखवले. “ही. शिवाची काशी.”

बाप तसा कमीच बोले. बोलली आई. ती चुलीपुढून उठून आली होती. “काशी शाळेत गेली तर पानी कोन भरंल? गुरं कोन सोडंल? ह्या ल्हान्याला कडंवर कोन घेईल?” आईचे खोटे नव्हते. ती पहाटेपासून शेतात जाई, आणि घरातला दुसरा हात म्हणजे मीच. तिने नाही म्हटले असते तर तिथेच सगळे संपले असते. मी भावाला घट्ट धरून दोघींच्या तोंडाकडे बघत होते.

“मी,” काकी म्हणाली. “तिच्या वाटनीचं मी करीन. आन इकडं ते पोर.”

आणि तिने कुंपणावरून माझ्या कडेवरचा भाऊ उचलून घेतला. माझी कड एकदम हलकी झाली. ती जागा रिकामी वाटली ती मला अजून आठवते.

जमीन पाच दिवसांत झाली. मुरूम घातला, वर माती, तीत शेण आणि भाताचे तूस. चौदा बायका होत्या, आणि एक पुरुष. भास्कररावांनी हट्टाने एक कोपरा मागून घेतला आणि पाचही दिवस ठोकला. काकीने त्यांना एका शब्दाने सवलत दिली नाही. “आरं, मारतोस काय तिला? बसव.” तो कोपरा शेवटपर्यंत उंचसखलच राहिला. पुढे तिथे पाण्याचा माठ ठेवीत. तो कधी सरळ बसला नाही. साहेब आले, बघून गेले, मास्तर मिळाला. पाडव्याला मी एकवीस मुलांच्या मागे, भिंतीला टेकून बसले. महिन्याभरात आणखी दोघी आल्या.

काकीने शब्द पाळला, तोही आपल्या तऱ्हेने. तीन वर्षे ती रोज सकाळी कुंपणावरून हाक मारी, “काशे, दे गं माजं काम.” मी भाऊ तिच्या हाती देई. ती आमची घागर भरी, गुरे सोडी, आणि संध्याकाळी मला वाटेत गाठून बोल लावी. आज पाणी दोन खेपांनी जास्त लागले, तुझ्या भावाने माझी मिशेरी सांडली, तू काय शिकलीस ते सांग. मी सांगू लागले की अर्ध्यात, “पुरे, मला भाकऱ्या थापायच्यात.” दहा वर्षांची झाल्यावर मी तिला अक्षरे शिकवायला निघाले. दोन दिवस पाटीवर गिरवून तिसऱ्या दिवशी तिने पाटी परत दिली. “हे तुजं काम. माजं मला येतं.”

दरवर्षी पावसानंतर शाळेची जमीन पुन्हा करावी लागे. चौथ्या इयत्तेत असताना मीही पहिल्यांदाच तिच्या ओळीत बसले. दुपारी बायका भाकरी खायला बाहेर गेल्या तेव्हा मी ओल्या मातीत बोटाने तिचे नाव लिहिले, आणि तिला बोलावून दाखवले. “हे काय?” “तुझं नाव. ठमा.” तिने वाकून बराच वेळ बघितले. पहिल्या अक्षराच्या गोलावरून बोट फिरवले. मग चोपणे उचलले आणि दोन ठोक्यांत ते सपाट केले. मला रडू आले. ती म्हणाली, “रडतेस काय? वर ऱ्हायलं तर पोरं पाय देतील. आत ऱ्हाऊ दे.”

पुढे माझे लग्न होऊन मी खालापुरात आले. नवऱ्याच्या आग्रहाने पुण्याला जाऊन परीक्षा दिली आणि शिक्षिका झाले. भास्करराव मधे दोनदा आमच्या गावी येऊन गेल्याचे कळले; दोन्ही खेपांना माठ बघून हसले म्हणे. गेल्या वैशाखात मी माहेरी गेले तेव्हा काकी उंबऱ्यावर बसून होती. गुडघे गेलेले, डोळेही अंधुक. अंगणात सुना जमीन करीत होत्या आणि ही तिकडे न बघताच ओरडत होती, “धाकटे, तुज्या डाव्या हाताला पोकळ बोलतंय!” मी शेजारी बसले. माझ्या शाळेत किती मुली येतात ते तिने विचारले, आणि लगेच दुसरे विचारले, “येत नायत त्या किती?” मी सांगितले की आहेत काही, भाताच्या दिवसांत, आंब्याच्या दिवसांत पट रोडावतो, आया पाठवीत नाहीत, मी निरोप धाडते.

“निरोप?” ती म्हणाली. एवढेच. मग धाकट्या सुनेला हाक मारून आतून हे चोपणे आणवले आणि माझ्या मांडीवर ठेवले. मी म्हटले, “काकी, माझ्याकडे आहे चोपणे.” ती म्हणाली, “आसंल.”

मी ते आणून माळ्यावर टाकले. आज काढून हातात धरले तर नीट धरता येईना. मुठीला तिच्या पंजाचा खळगा पडला आहे, आणि तिचा पंजा माझ्या दीडपट. आमचे खळे मी शेवटी माझ्या जुन्या चोपण्यानेच ठोकायला घेतले. दुपारी शाळेत हजेरी घेतली, चंद्रीच्या नावापुढे चौथ्यांदा शून्य घातले, आणि सवयीने निरोपाची चिठ्ठी लिहायला कागद ओढला... चिठ्ठी लिहिली नाही. त्या कागदावर हे लिहीत बसले.

इथवर काल लिहून झाले होते. आज सकाळी उठल्यावर घरचे खळे सासूबाईंवर सोपवले, काकीचे चोपणे काखेत मारले आणि चंद्रीच्या घरी गेले. माझी शाळा अकराला भरते, तोवरचा वेळ माझा. अर्धे खळे चोपण्याजोगे सुकले होते, आणि चंद्री उरलेल्या अर्ध्याची माती कालवीत होती. तिची आई मला बघून गडबडली.

“बाई, तुमी? आवो, चार दिसांचं काम हाय. पाठवनारच हाय मी तिला.”

“चार दिवस मी येईन,” मी म्हटले. “तिच्या वाटणीचं मी करते. तू तिला हातपाय धुवायला लाव आणि वेणी घाल.”

तिने माझ्या काखेतल्या चोपण्याकडे बघितले. मग वळून म्हणाली, “चंद्रे, ऊठ गं. पाटी कुठं टाकलीस?”

मी नऊवारीचा काठ वर खोचला आणि मातीवर टाच दाबून बघितली. ठसा उमटला, पाणी वर आले नाही. मी बसले.