गाण्यामधली कुकरची शिट्टी

आधीच सांगते, भुताखेताच्या गोष्टी घेऊन कोणी घरी आलं तर मी त्याला चहा देते, मान डोलावते आणि तो गेल्यावर कप विसळून ठेवते. विश्वास वगैरे ठेवत नाही. माझं माहेर अंबरनाथजवळचं, पालेगाव. तिथल्या विहिरीवर हडळ आहे म्हणायचे. लग्न होईपर्यंत मी त्याच विहिरीचं पाणी भरलं. हडळ भेटली असती तर एक हंडा तिच्या डोक्यावर दिला असता. भेटली नाही. पुढे उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला होते. तिथे बायका सांगायच्या, वरच्या माळ्यावर कोणीतरी चालतं. मी वर जाऊन बघून आले. उंदीर होते.

आता मीच तुम्हाला असली गोष्ट सांगायला बसलेय. हसायचं तर हसा. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यामुळे सजवून लिहिता येत नाही. घडलं तसं सांगते.

आम्ही बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहतो. मी, मुलगा संजय आणि सून वैशाली. घर दुसऱ्या माळ्यावर आहे. आधी तळमजल्यावर होतो, पण नदी एकदा घरात येऊन गादीवर बसून गेली, तेव्हा शहाणे झालो. हेंद्रेपाड्याकडे जाताना एक छोटी बाग आहे, तिथे मी रोज सकाळी चालायला जाते. डॉक्टरने गुडघ्यासाठी सांगितलंय. गुडघ्याला फरक शून्य, पण सवय लागली.

त्या बागेच्या मधोमध एक उंबर आहे. त्याच्या बुंध्याशी कोणीतरी शेंदूर लावलेला दगड ठेवला. झालं... तेव्हापासून सगळी बाग उंबर उजव्या हाताला ठेवूनच चालते. देवाला प्रदक्षिणा घालतो तशी. कोणी नियम केला नाही, पाटी लावली नाही. पण उलटं कोणी जात नाही. त्यामुळे व्हायचं काय, की सगळे एकमेकांच्या पाठी बघत चालायचे. पुढच्याचा शर्ट, त्याच्या पुढच्याची वेणी. वर्षानुवर्षं बागेत येणाऱ्या काही जणांना मी फक्त पाठीवरून ओळखायचे.

उलटी चालणारी एकच होती. मोहिनी.

मोहिनी सिंधी. सगळं आयुष्य उल्हासनगरच्या कॅम्पात गेलं, नवरा वारल्यावर मुलीकडे बदलापूरला राहायला आली. गोरी, जाड, डोक्यावरून ओढणी, पायात पांढरे बूट. पहिल्याच दिवशी ती समोरून येताना दिसली तेव्हा आमच्यातली एक बाई तिला म्हणाली, “अहो, उलटी प्रदक्षिणा घालू नका, पाप लागतं.”

मोहिनी थांबलीसुद्धा नाही. “मैं भगवान का चक्कर नहीं मार रही बाई, अपनी शुगर का मार रही हूँ!”

मला तिथेच ती आवडली. मग रोज व्हायचं ते असं—मी सुलटी, ती उलटी, प्रत्येक फेरीत समोरासमोर यायचो आणि जाता जाता एखादं वाक्य टाकायचो. एक गोष्ट पुरी व्हायला सगळी सकाळ लागायची. ती मला ‘अदी’ म्हणायची. सिंधीत अदी म्हणजे बहीण. मी एकदा विचारलं, “तुला उलटंच का चालायचं असतं गं?”

“पीठ देखके क्या मिलता है अदी? सामने से आओ तो आदमी का मुँह दिखता है. कौन खुश है, कौन रोके आया है, किसकी तबियत खराब है.”

आता तिच्या गाण्याचं सांगते. मोहिनीचा एक गायक होता. ती तरुण होती तेव्हा टीव्हीवर पॉप गाणी लागायची, त्यातला. डोळ्यांवर केस आलेले, पांढरं जाकीट, हात पसरून नाचणारा. त्याचं नाव मी लिहीत नाही. माणूस अजून जिवंत आहे, उगाच त्याला भुताच्या गोष्टीत कशाला ओढा. मी त्याला झुलपेवाला म्हणायचे. मोहिनीला राग यायचा.

झुलपेवाला एकदा उल्हासनगरच्या मैदानावर आला होता म्हणे. मोहिनीला तेव्हा दोन पोरं. सासूला सांगितलं, पापड वाळत घालायला बहिणीकडे जाते, आणि गेली मैदानात. “उसने मेरी तरफ देखा था, अदी. सीधा मेरी तरफ.”

“मैदानभर बायका होत्या. त्याला डोळ्यांवरच्या केसांतून तूच दिसलीस?”

“हां, मैं ही दिखी. तू जलती है!”

तर त्या झुलपेवाल्याचं एक गाणं ती चालताना मोबाईलवर मोठ्याने लावायची. दुसरं कुठलं नाहीच. मोबाईलमध्ये गाणं घ्यायचं कसं हे तिला माहीत नव्हतं. मुलीला विचारायची लाज. म्हणून ते टीव्हीवर लागलं तेव्हा हिने मोबाईल टीव्हीसमोर धरला आणि रेकॉर्ड केलं. त्याच वेळी आत साईभाजीचा, म्हणजे त्यांच्या सिंधी पालकाच्या भाजीचा, कुकर लावलेला. गाणं ऐन रंगात येतं, झुलपेवाला आवाज वर नेतो, आणि नेमकी तिथे कुकरची शिट्टी. चांगली लांबलचक. त्यामागे मोहिनीचा आवाज, “अरे बंद कर कोई!” मग पुन्हा गाणं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा हात आपोआप गॅस बंद करायला पुढे गेला. बागेत बायका हसायच्या, “मोहिनीताई, भाजी शिजली का हो?” मी सांगितलं, अगं, चांगलं गाणं भरून घे कोणाकडून तरी. ती म्हणाली, “नको. हे माझ्या घरचं गाणं आहे.” एवढं एक वाक्य ती मराठीत बोलली, म्हणून लक्षात राहिलं.

आणखी एक गोष्ट ती मला फेऱ्याफेऱ्यांत सांगत असे. तिच्या नवऱ्याची. एके दिवशी दुकानातून आला, तोंड जरा वाकडं, बोलणं जड. घरच्यांना वाटलं गॅस झाला. सोडा पाजला, पंख्याखाली झोपवलं. उठला तेव्हा अर्धं अंग गेलेलं. नंतर डॉक्टर म्हणाले, लगेच आणायला हवं होतं. “हँसा के देखने का, अदी,” ती सांगायची. “हँसते टाइम मुँह एक तरफ गया, तो हाथ ऊपर करवा. एक हाथ नीचे आया तो सोडा नहीं, रिक्षा.” इतक्या वेळा सांगायची की मी म्हणायचे, पाठ झालं बाई, पुढे चल.

गेल्या थंडीत मोहिनी गेली. झोपेतच. मी रडले नाही, माझ्याने रडवत नाही. पण बागेत समोरून येणारं कोणी उरलं नाही. पुन्हा सगळ्या पाठी.

उन्हाळ्यात वैशालीचं ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं. ती अंबरनाथला कंपनीच्या ऑफिसात आहे, सगळा दिवस खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, चाला. मग रविवारी ती माझ्याबरोबर येऊ लागली. ‘बरोबर’ म्हणायचं एवढंच. गेटमधून आत शिरली की ती भराभर पुढे, मी मागे. तिने मोहिनीला कधी पाहिलं नव्हतं, ते गाणं ऐकायचा तर प्रश्नच नाही.

श्रावणातला रविवार होता. रात्रभर पडून पाऊस उघडलेला, चालायची वाट ओली, बागेत माणसं थोडी. निघताना वैशाली म्हणाली डोकं दुखतंय. मी म्हटलं, “गोळी घेतलीस का बीपीची?”

“घेते हो आई, आल्यावर.”

“आल्यावर, गेल्यावर... गोळी काय पाहुणी आहे?”

मोबाईल तिने घरीच चार्जिंगला लावला होता. माझा मी बागेत नेतच नाही. म्हणजे आमच्या दोघींकडे वाजणारं काही नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

ती पुढे गेली, वळणावर मेंदीच्या कुंपणाआड दिसेनाशी झाली. मी माझ्या चालीने चालले होते. आणि समोरून, त्याच वळणावरून, झुलपेवाल्याचं गाणं आलं.

मला आधी काही वाटलंच नाही. खरं सांगते. इतकी सवय होती की मनात आलं, आली मोहिनी. मग आठवलं, आणि पाय थांबले. आवाज जवळ आला. तोच, टीव्हीवरून घेतलेला, डब्यातून आल्यासारखा. माझ्या अंगावरून पुढे गेला—मोहिनी जायची तसा, डाव्या बाजूने—आणि माझ्या मागे लांब जाऊ लागला. वाटेवर कोणी नव्हतं. अंगावर काटा वगैरे नाही आला. राग आला. म्हटलं, ही कोणाची थट्टा? आणि मी वळले. आयुष्यात पहिल्यांदा उंबर डाव्या हाताला घेऊन आवाजाच्या मागे उलटी चालत सुटले.

थोडं गेले असेन. झुलपेवाल्याने आवाज वर नेला... आणि कुकरची शिट्टी वाजली. पुढे “अरे बंद कर कोई” यायला हवं होतं. ते आलं नाही. सगळंच बंद झालं.

आणि समोरून वैशाली येत होती. तिची फेरी पुरी होत आली होती. मी सुलटी चालत राहिले असते तर ती मागून येऊन माझ्या पुढे निघून गेली असती, आणि मला नेहमीसारखी तिची पाठ दिसली असती. पाठीला काहीच झालं नव्हतं. चालत होती, पडली नव्हती. पण मी तिचं तोंड बघितलं. डावा गाल खाली ओघळल्यासारखा. ओठाचा कोपरा ओला.

“वैशाली, थांब. हस बघू.”

“काय ओ आई...” शब्द जिभेत अडकले.

“हस म्हणते ना!”

ती हसली. अर्धीच हसली.

“हात वर कर. दोन्ही.” उजवा राहिला, डावा हळूहळू खाली आला. तिला कळलंही नाही. म्हणते कशी, “थोडं बसते, बरं वाटेल.” मी बसू दिलं नाही. तिच्या मागून आमच्या बागेतले पाटीलकाका येत होते, त्यांच्यावर ओरडले, “अहो बघताय काय, रिक्षा आणा!” बिचारे त्या वयात धावले. रिक्षावाला शहाणा निघाला, आधीचं भाडं उतरवून आम्हाला घेतलं. हॉस्पिटलात मी एकच वाक्य धरून ठेवलं—तोंड वाकडं झालंय, हात खाली पडतोय, आत्ताच झालंय. त्यांनी लगेच आत नेलं, मशीनमध्ये घातलं, इंजेक्शन दिलं. संजय आला तेव्हा डॉक्टर त्याला म्हणाले, “तुमच्या आईंनी वेळेत आणलं. घरी नेऊन झोपवलं असतं तर वेगळंच ऐकावं लागलं असतं.”

मी गाण्याचं कोणाला बोलले नाही. म्हातारी बाई, सून हॉस्पिटलात, आणि म्हणे मेलेल्या मैत्रिणीचं गाणं ऐकलं. मलाच बाजूच्या खाटेवर टाकलं असतं.

तिसऱ्या दिवशी वैशालीची जीभ सुटली. मी तिला पेज भरवत होते. मध्येच म्हणाली, “आई, त्या दिवशी बागेत कुकर कोणाचा हो वाजला?”

मी पेजेचा पुढचा चमचा भरला. म्हटलं, “असेल कोणाचा. रविवार होता, मटण लावलं असेल.”

“श्रावणात?” ती म्हणाली. मग थोडा विचार करून, “नाही पण, कोणीतरी गात होतं ना. त्या गाण्याच्या मध्येच कशी वाजली शिट्टी?”

मी तिला पेज पुरी खायला लावली. मग सगळं सांगितलं. मोहिनी, झुलपेवाला, साईभाजी. ती ऐकत राहिली आणि एका बाजूने थोडं, दुसऱ्या बाजूने जास्त अशी रडली. मी म्हटलं, बघ, डॉक्टरांना सांग, रडताना डावी बाजू हलते.

चौकशी मी केली. तशी सोडणारी नाही मी. पाटीलकाका वैशालीच्या मागेच होते, त्यांना गाणंही ऐकू आलं नाही आणि शिट्टीही नाही. कानाने चांगले आहेत. बागेला लागून एकच बिल्डिंग आहे, तिचं काम चालू आहे, अजून खिडक्या बसलेल्या नाहीत, तर कुकर कुठला! मोहिनीच्या मुलीकडे गेले. तिने आईचा मोबाईल कधीच दुकानात देऊन नवा घेतला होता, जुन्यातलं सगळं पुसून. ते रेकॉर्डिंग तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तिने मला आत बसवलं. म्हणाली, “मौसी, उसमें मम्मी की आवाज़ थी?” मी म्हटलं, होती. आणि शिट्टी चांगली लांब होती.

म्हणजे शिट्टीवालं ते गाणं आता जगात कुठेच नाही. तरी दोघींनी ऐकलं. याला काय म्हणतात, मला माहीत नाही. संजय म्हणतो मनाचे खेळ. असतील. पण माझ्या मनातला कुकर वैशालीला कसा ऐकू आला, ते त्याला सांगता येत नाही. मलाही येत नाही. भुतावर माझा विश्वास आजही नाही. मोहिनीवर आहे.

झुलपेवाल्याचेही उपकार आहेत. त्याला वाटत असेल आपण लोकांना नाचवलं. आमच्या घरचं एक माणूस चालतंय तुझ्यामुळे, बाबा. आता टीव्हीवर दिसला की मी चॅनल बदलू देत नाही.

वैशाली आता रोज बागेत येते. डाव्या हाताची बोटं अजून जरा आळशी आहेत, म्हणून हे सगळं मी त्याच बोटांनी टाईप करायला लावलंय. ती सुलटी चालते, मी उलटी. बायका म्हणतात, आजी, या वयात पाप कशाला? मी म्हणते, माझं मी बघेन, तुम्ही आपल्या पाठी बघा. प्रत्येक फेरीत वैशाली समोरून येते आणि मी म्हणते, “हस बघू.”

“अहो आई, लोक बघतात!”

“बघू देत. हस.”

मग ती हसते. दोन्ही बाजूंनी.