गरीब अजगर

‘हात आण,’ मामा म्हणायचे. आपण भोळेपणानं हात पुढे करायचो. तो ते हातात घ्यायचे, पण मिळवायचे नाहीत. नाकाशी नेऊन हुंगायचे आणि किडकं वांगं परत टाकावं तसा खाली सोडून द्यायचे. ‘सकाळी अंडं खाल्लंस. जा, धू.’

दौंडच्या रेल्वे शेडमध्ये ते फिटर होते आणि मी स्टोअरला क्लार्क. नव्वदचं दशक सरत आलं होतं. शेड त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही. शुक्रवारी दुपारी खिशातली टोपी काढून ते नमाजाला जात, आणि एरवी ड्युटी सुटली की साप धरत. कॉलनीतल्या मोरीत, उसाच्या फडात, कुठंही साप निघाला की सायकलवर सिमेंटची गोणी आणि वाकडी सळई घेऊन हजर. धरायचा, गोणीत घालायचा, भीमेच्या काठी नेऊन सोडायचा.

सापाला दिसतं कमी, तो वासावर चालतो. तुमच्या हाताला कोंबडीचा वास असेल तर तो हात त्याच्या लेखी कोंबडीच. ‘ज्याच्या हाताला वास, त्याच्या हाताला दात,’ असं मामांचं म्हणणं. म्हणून जवळ येणाऱ्याचा हात ते आधी हुंगत. पुढे ही सवय इतकी अंगवळणी पडली की नटबोल्ट घ्यायला माझ्या खिडकीवर आले तरी आधी हात मागत.

राग तर त्यांच्या नाकावर. चहात पाणी घालणाऱ्यावर राग, साप बघायला जमणाऱ्या गर्दीवर राग, सापाला मारून मग निरोप पाठवणाऱ्यांवर तर विचारू नका. एकदा एका साहेबांच्या न्हाणीघरात धामण निघाली, तेव्हा मीही मामांबरोबर गेलो. साहेबांनी शेकहँड करायला हात पुढे केला. मामांनी हुंगला. ‘मच्छी. मागं व्हा.’ साहेब कॉलनीत पक्के माळकरी म्हणून प्रसिद्ध होते आणि बाईसाहेब दारातच उभ्या होत्या. पुढे त्या घरात काय झालं मला ठाऊक नाही.

मला ठाऊक आहे ते चहाचं. धामण गोणीत गेल्यावर मामांना पायरीवर चहा आला, कान तुटलेल्या कपातून, तोही निराळा ठेवलेला. मामांनी कप पाहिला आणि होता तिथेच राहू दिला. ‘साप मोरीपातूर आला. मी पायरीपातूर,’ एवढं म्हणून सायकलला टांग मारली. त्या कपाचा राग मला आजही येतो. मी तेव्हा माझा चहा पिऊन टाकला होता, चांगल्या कपातला, त्याचा जास्त येतो.

असल्या माणसाच्या नादानं मला अजगर पाळायची हुक्की आली. साधा साप नाही, एकदम अजगर. तो गुन्हा आहे हे मला माहीत नव्हतं.

‘कशाला?’ मामांनी विचारलं.

‘आवडतो म्हणून.’

‘मला बी आवडतो. मी पाळलाय व्हय? जंगलखात्याचं लोक बेड्या घालतील.’

मी पिच्छा सोडला नाही. शेवटी ते म्हणाले, ‘बरं. आधी पेटी पाळ. रिकामी. चाळीस दीस.’

एक लाकडी पेटी, आत गोणपाट, पाण्याचं भांडं आणि एक बल्ब. रोज पाणी बदलायचं, गोणपाट उन्हात घालायचं, आत तळहात ठेवून ऊब बघायची. आणि आत कोणी नाही. मी ते केलं. कॉलनीतली पोरं खिडकीतून हसायची, तरी केलं. एकतिसाव्या दिवशी मामा बघायला आले. भांड्यात एक मेलेली माशी होती.

‘परत एकपासनं मोज,’ म्हणाले आणि निघून गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस आपल्याला खेळवतोय, असं मनानं घेतलं. ते खरंही होतं. माझ्याआधी तिघांनी हीच पेटी पाळली होती आणि आठवड्यात कंटाळून सोडली होती, हे मला नंतर कळलं. हौस जिरावी म्हणूनच पेटी होती. तिच्यात अजगर कधी येणारच नव्हता.

सुट्टीला मी घरी शिरूरला गेलो. बाजारात एक गारुडी बसला होता, पुढ्यात दोन टोपल्या. पहिलं झाकण उघडताच आतला अजगर फुसकारून अंगावर आला. दुसऱ्या टोपलीतला वेटोळं करून पडून होता. गारुड्यानं तो माझ्या गळ्यात घातला तरी हलला नाही. ‘एकदम गरीब है साब, बच्चों के साथ रहेगा.’ पहिल्यांदाच पाळणाऱ्याला आणखी काय हवं असतं? मी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं आणि गरीब अजगर घेतला. फुसकारणाऱ्याकडे मी परत पाहिलंही नाही.

मामांना कळू नये म्हणून तो शिरूरलाच ठेवला. चार दिवसांवर नागपंचमी होती. आमच्या गल्लीला दरवर्षी मातीचा नाग पुजावा लागे, यंदा जिवंत देव दारात आलेला. अजगर म्हणजे नाग नव्हे, हे कोण ऐकतो? बायका ताटं घेऊन रांगेत आल्या. हळद त्याच्या डोक्यावर, कुंकू ओठांवरच्या त्या बारीक खाचांत, ज्यांनी त्याला ऊब कळते. एकीनं वाटीनं दूध तोंडात घातलं. ‘लई गरीब हाय बिचारा,’ आई सगळ्यांना सांगत होती.

त्या बायकांवर मी वर्षानुवर्षं राग धरला. पण खरं सांगतो, अडवायला मी तिथेच होतो. रांग लावत होतो. शेजारच्याचा कॅमेरा आला तेव्हा मी अजगर गळ्यात घेऊन उभा राहिलो. तो फोटो मी पुढे फाडला.

दुपारनंतर त्याच्या तोंडातून बुडबुडे यायला लागले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी त्याला पिशवीत घालून दौंडला नेलं आणि मामांच्या अंगणात उतरवलं. गारुडी, दोन टोपल्या, सगळं सांगितलं आणि हात आपणहून पुढे केला. त्यांनी बघितलाही नाही.

त्यांनी अजगराचं तोंड अलगद उघडलं. वरचे दात उपटलेले होते, हिरड्या सडलेल्या. अंगाला हात लावला तर बरगड्या मोजता येत होत्या. मामांनी खाचांमधलं कुंकू ओल्या कापसानं काढायला घेतलं. मला वाटलं आता हा माणूस मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

‘दोन व्हते म्हनलास. ह्योच का घेतला?’

‘गरीब होता म्हणून.’

‘गरीब न्हाई त्यो. मेल्याला हाय, फकस्त हालतोय. ज्याला राग येत न्हाई त्यो जित्ता नसतो, सायेब. घ्यायचाच व्हता तर अंगावर येनारा घ्यायचा.’ मग कापूस पुन्हा ओला करत म्हणाले, ‘आन् त्यो दुसरा कुठाय?’

दुसऱ्याचं पुढे काय होणार, हे मला त्या क्षणी कळलं. त्याचेही दात उपटून, उपाशी ठेवून, त्यालाही गरीब करणार आणि माझ्यासारख्या कुणाच्या तरी गळ्यात घालणार.

नवव्या दिवशी माझा अजगर मेला. मामांनी कडुनिंबाखाली खड्डा खणला, मला फावड्याला हात लावू दिला नाही. त्यानंतर माझ्या खिडकीवर येत, चिठ्ठी सरकवत, सामान घेऊन जात. हात मागत नसत. शेडमध्ये सगळ्यांचे हात हुंगले जात, माझा सोडून.

पण सुट्टीच्या दिवशी सकाळी दारात सायकलची घंटी वाजे. ‘चल.’ एवढाच शब्द. आम्ही बाजार धुंडाळायला लागलो. शिरूर, पाटस, केडगाव, दौंड. तो गारुडी चेहऱ्यानं मलाच ठाऊक होता, म्हणून मी बरोबर. एसटीत मामा खिडकीबाहेर बघत बसत, माझ्याशी अवाक्षर नाही. असे किती आठवडे गेले मी मोजले नाहीत.

केडगावच्या बाजारात तो सापडला. टोपली एकच होती. मामांनी गारुड्याची गचांडी धरली, मराठीत आणि हिंदीत असं काही सुनावलं की भाजीवाल्या बायकांनी कानांवर पदर ओढले. पोलिसांचं नाव निघताच तो टोपली टाकून पळाला. झाकण उघडलं. आतला हलला नाही.

मामांनी माझ्याकडे वळून म्हटलं, ‘हात आण.’ किती दिवसांनी. मी दिला. हुंगून म्हणाले, ‘साबन. तू मागं ऱ्हा.’ मग त्यांनी शेजारच्या कोंबडीवाल्याच्या पाटीवर स्वतःचा हात घासला आणि तो टोपलीत घातला.

अजगरानं मनगट धरलं. रक्ताची धार लागली. आणि मामा हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना पोटभर हसताना तेवढंच पाहिलं. ‘हाय, राग हाय,’ ते म्हणत होते, ‘दात बी हायत.’ भीमेकाठच्या कपारीत आम्ही त्याला सोडला तेव्हा जाता जाता तो माझ्यावरही फुसकारला.

मामा रिटायर झाले. मला रांजणगावच्या कारखान्यात नोकरी लागली, येणं-जाणं कमी झालं. काही वर्षांनी मामींचा फोन आला, मामा दवाखान्यात आहेत. मी डब्याला नेलेलं ऑम्लेट हातानं खाल्लं आणि मुद्दाम हात न धुता दौंड गाठलं. म्हटलं, ओरडू देत.

मामा उशीला टेकून बसले होते. नर्सनं जे भरवलं ते मुकाट्यानं खात होते. चहात पाणी होतं, तरी प्यायले. ‘लई शांत झाले बघा आता,’ मामी कौतुकानं सांगत होत्या. ‘कुनाला काय बोलत न्हाईत.’ नर्सही म्हणाली, अगदी गरीब पेशंट. मला त्या दोघींचाही इतका राग आला की मी तोंड फिरवलं.

मग हात पुढे केला. नाकाजवळच धरला, अंड्याचा वास यावा म्हणून.

मामांनी तो दोन्ही हातांत घेतला, खाली आणून पांघरुणावर ठेवला आणि सगळे मिळवतात तसा मिळवला. ‘बरा हायेस का?’ म्हणाले.