सलूनमधला ठराव

कोरमकाकू कुणाच्याही घरी गेली की आधी दार दोनदा उघडझाप करून बघायची. दार कुरकुरलं की घरधन्यासमोरच म्हणायची, "ही बिजागरी आमची नाही." मग चहा.

बिजागऱ्यांची कंपनी तिघा भावांची. मधला भाऊ, म्हणजे काकूचा नवरा, वारला आणि त्याच्या जागी संचालक म्हणून काकू बसली. कंपनीच्या नियमावलीत होतं, तिन्ही संचालक हजर असले तरच बैठक खरी. ही किमान डोकी म्हणजे कोरम. काकूचं काम तेवढंच, तिसरं डोकं पुरवायचं. म्हणून कामगारांनी हे नाव पाडलं. पण बाईच्या बुडाला खुर्ची टोचायची. बैठक संपली की बाह्या वर सारून ती खाली मशीनवर. बघता बघता कारखाना तीच चालवायला लागली.

मोठे दीर थकले. अध्यक्षपद आपल्याकडे ठेवून व्यवस्थापकीय संचालक काकूला करायचं, असं त्यांनी ठरवलं. काकूनंही आढेवेढे घेतले नाहीत. "राबायचं मी आणि सहीला तुमच्या मागं फिरायचं? मला हवंय ते पद."

धाकट्या दिराला मात्र हे नको होतं. त्याची दुपारची झोप गोदामात खोक्यांवर व्हायची. वहिनीच्या तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती. मग तो विषय निघाला की हा उठायचा. "आलोच." आणि फाटकासमोरच्या सलूनमध्ये जाऊन दाढीला बसायचा. कोरम मोडला, बैठक बारगळली. दर खेपेला हेच. गालाची सालटी निघाली गड्याच्या, पण ठराव काही होईना.

या खेपेला तर तो परस्पर सलूनमध्येच गेला. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस. तेवढ्यात मोठे दीर आत आले आणि शेजारच्या खुर्चीत बसले. पाठोपाठ काकू तिसऱ्या खुर्चीत. कंपनीची सेक्रेटरी, नोटिसा आणि ठरावांचं बघणारी तरतरीत पोरगी, पावडरच्या डब्यापाशी वही उघडून उभी राहिली.

"हे काय चाललंय?" धाकटा आरशातच बोलला.

"बैठक," सेक्रेटरी म्हणाली. "नोटिशीत जागा हीच दिलीय. आठवडाभर आधी पोचलीय तुम्हाला. तुमची सही आहे."

"सही मी न वाचताच करतो!"

"म्हणून तर जागा बदलली," काकू म्हणाली.

"मी दाढीला आलोय. बैठकीला नाही. मला धरू नका त्यात."

खरं तर तिथंच सगळं अडलं होतं. नुसता खुर्चीत बसलाय म्हणून माणूस बैठकीत धरावा का, यावर सेक्रेटरीचं पेन थबकलं. काकूनं मोठ्या दिरांकडे बघून उसासा टाकला. "राहू द्या भाऊजी. त्यांना माझ्या विरोधात बोलायची हिंमत कधी होती?"

"कोण म्हणतं नाही?" धाकटा उसळला. वस्तरा जेमतेम बाजूला झाला. "माझा विरोध आहे. कडक विरोध. लिहून घे गं!"

पोरीनं घेतलं लिहून. "एक मत विरोधात. म्हणजे तुम्ही बैठकीत भाग घेतलात. कोरम पूर्ण."

धाकट्याचं तोंड उघडं ते उघडंच. फेस आत गेला.

"माझं मत बाजूनं," मोठे म्हणाले.

"मी मत देत नाही," काकू म्हणाली. "नेमणूक माझीच आहे."

एकास एक. अध्यक्षांचं निर्णायक मत उरलं, आणि ते मोठ्यांनी इतक्या झटक्यात दिलं की सेक्रेटरीला नीट ऐकूही आलं नाही. "परत सांगा," ती म्हणाली. त्यांनी हसत हसत परत सांगितलं. मग काकूला हसू फुटलं. खुर्ची गोल फिरणारी होती. बाई हसता हसता एक गिरकी घेऊन आली.

"तीन खुर्च्या अडवल्यात," सलूनवाला कुरकुरला, "गिऱ्हाईक एकच."

"यांचीही करा," काकूनं मोठ्यांकडे बोट केलं.

दोघे भाऊ शेजारी शेजारी फेसात. "थू," धाकटा पुटपुटला, "साबण लई कडू आहे." मोठे इतके हसले की सलूनवाल्याला थांबावं लागलं. काकू तोवर रस्ता ओलांडून पळत सुटली होती. फाटकाशी रिकामा ट्रक आणि कामगार उभे.

"काय झालं काकू?"

"झालं," ती धापा टाकत म्हणाली. "ट्रक मागं घ्या. माल चढवायचाय."