गच्चीवरची रंगीत तालीम

डोंगरात पाठीवरून न्यायचं जेवण आधी घरी करून बघायचं, हा आमच्याकडचा दंडक. नवरा त्याला रंगीत तालीम म्हणायचा. मल्लेश्वरमच्या आमच्या गच्चीवर छोटा स्टोव्ह पेटवून आम्ही दोघं बसायचो आणि सोबत नेणार तेवढंच खायचो. लिंबू विसरलं तर विसरलं, खाली उतरून आणायचं नाही. नावं ठेवण्यात नवरा पटाईत. माझ्या पिठल्याला त्याने एकदा भिंतीचा चुना म्हटलं होतं, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

यंदा त्याच्या गळ्याचं रेडिएशन संपलं आणि मी लगेच हिमाचलचा बेत काढला. डॉक्टर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी ते हो धरलं. जेवण तयार झालं की तो येणार, येणारच, असं मनाशी घट्ट बांधून बसले. वेडेपणाच तो, पण माझ्या हातात दुसरं होतं काय?

भात मोकळा शिजवून फडक्यावर पसरला. मुगाची आमटी घट्ट करून ताटांत थापली. बंगळुरूचं ऊन तोंड दाखवून पळतं, म्हणून दिवसभर ताटं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. आमटीत मीठ मात्र घालायचं नाही. मीठ हवेतलं पाणी ओढतं, मग वाळवण चिवट राहतं. मिठाची पुडी वेगळी, खायच्या वेळी सोडायची.

खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यातून म्हणायची, "अक्का, स्वल्प तरी दम घ्या की!" मला कुठला दम? नवरा खुर्ची टाकून कावळे हाकत बसायचा. खुशीत दिसायचा.

तालमीच्या दिवशी मी वाळवलेल्या भात-आमटीवर उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, मुरू दिलं आणि त्याला वाढलं. घासागणिक पाण्याचा घोट घेत तो सगळं जेवला.

"फर्स्ट क्लास," म्हणाला. "नाव ठेवायला जागा नाही."

मी हरखले. मग स्वतः घास घेतला. मिठाची पुडी उघडलीच नव्हती.

"अरे, अळणी आहे हे!" मी ओरडले. "आणि तू तोंडातून शब्द काढला नाहीस?"

त्याने चमचा खाली ठेवला. "मला चवच लागत नाही गं. कशाचीच. बरेच दिवस झाले."

"मग सांगायचं नाही? तिथे डोंगरात काय खाणार आहेस?"

"मी येणार नाहीये," तो साध्या आवाजात म्हणाला. "गच्चीवर येताना जिन्यात दोनदा बसतो मी. दिसतं ना तुला?"

दिसत होतं. म्हणूनच तर ताटं घेऊन धावत होते.

"मग हे सगळं करू का दिलंस?"

"उपचार चालू होते तेव्हा तू नुसती माझ्याकडे बघत बसायचीस. हे सुरू झाल्यावर सकाळी उठून कामाला लागायला लागलीस. ते थांबवावंसं वाटेना."

माझं काळीज फाटलं. मोठ्याने भांडावं म्हटलं, तर रडूच आलं.

"मग उद्यापासून मी काय करू?" मी रडत विचारलं.

त्याने मिठाची पुडी उघडली आणि माझ्या ताटात मीठ सोडलं.