शेवटचं अक्षर आधी लिहिणारे दत्तामामा

दत्तामामा पेंटर कुठलीही पाटी शेवटच्या अक्षरापासून लिहायला घेत. 'किराणा भांडार' लिहायचं असेल तर आधी उजव्या कडेला 'र' उभा राही, मग 'डा', मग 'भां', असं सरकत सरकत ते 'कि'पर्यंत येत. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागे. शिरोरेषा तर सगळ्यात शेवटी. "शिरोरेषा म्हंजी दाराची कडी हाय," ते म्हणत. "सगळे घरात आल्याबिगर लावायची न्हाई." उमेदीच्या काळात त्यांनी एकदा डावीकडून सुरुवात केली होती आणि एका सरपंचाच्या आडनावाला पाटीवर जागाच उरली नाही. तेव्हापासून ही रीत.

परभणीत बसस्टँडच्या मागे त्यांचं दुकान होतं. अकरावी-बारावीच्या क्लाससाठी मी पिंगळीहून रेल्वेनं यायची आणि क्लास बुडवून त्यांच्याकडे बसायची. नात्यानं ते माझे कुणी नव्हते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर त्यांनी काढलेला मोर बघत मी एकदा उभी राहिले, त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला, एवढीच ओळख. मामा माणूस चुळबुळ्या. अक्षर काढतानाही डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर ताल धरून असे. माझंही बूड कधी एका जागी टेकलं नाही, म्हणूनच आमचं जमलं असावं.

रेष सरळ यावी म्हणून ते प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक कागद पट्टीसारखा धरत. त्यावर रंगाचे थरच्या थर बसलेले. एकदा मी तो टर्पेंटाइननं पुसला, तर आतून मामांचं डी.एड.चं प्रमाणपत्र निघालं. पहिला वर्ग. मला उगाच चोरी पकडल्यासारखं झालं. मामा मात्र हसले. "कामाला तर यायलंय," म्हणाले.

बारावी झाल्यावर मला स्वतःचं दुकान टाकायचं होतं. पाट्या, लग्नघरच्या भिंती, रंगवलेली मडकी, सगळं डोक्यात तयार होतं. घरचे म्हणाले, कर की, पण अडीनडीला एखादी डिग्री पाहिजे. ती कुठली, यावर मात्र प्रत्येकाचं वेगळं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेतकी हवी होती, ताईच्या नवऱ्याला नर्सिंग. मला रात्री एक पटे, सकाळी दुसरी. अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा पिशवीत तीन अर्ज होते. तिसरा बी.कॉम.चा, मैत्रिणीनं आणला म्हणून आणलेला. एक चुकला की जन्म वाया, अशा थाटात मी मामांसमोर तिन्ही पसरले.

त्यांनी विचारलं, कुठलं कॉलेज किती वाजता सुटतं? मला रागच आला. सगळं जग नोकरीचं विचारत होतं आणि हे वेळ विचारत होते. शेतकीचं दिवसभर, नर्सिंगला होस्टेल सक्तीचं, बी.कॉम. अकराला सुटतं, मी तुटकपणे सांगितलं. मामांनी ब्रश डब्यात ठेवला.

"पोरी, डी.एड. झाल्यावर मी म्हणलो, नोकरी लागंपर्यंत पाट्या रंगवू. बारा वर्षं भरतीची वाट बघितली. ह्या दुकानाला पाटी हाय का, बघ बरं."

मी मान वर केली. दोन वर्षं येत होते, पण कधी लक्षातच आलं नव्हतं. अर्ध्या परभणीच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्या दुकानावर नुसता गंजका पत्रा होता.

"उद्या नोकरी लागली तर काढावी लागंल, म्हणून लावलीच न्हाई. डिगरी घे माय, पर तिच्याकडं डोळे लावून बसू नको. हात रंगात ऱ्हाईल अशी घे."

मी बी.कॉम.चा अर्ज भरला. आबा चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी रेल्वेचा पास काढायला स्वतः सोबत आले.

सकाळी कॉलेज, दुपारी मामा, असं सुरू झालं. पोखर्णीच्या एका लग्नघरची भिंत मी एकटीनं रंगवली, पुढे घरातल्या रस्त्याकडच्या खोलीत मडकी विकायला मांडली. एके दिवशी मामांनी विचारलं, तुझी पाटी रंगवू का? मी हातातलं काम न थांबवता म्हणाले, "घाई कशाला मामा, डिग्री झाल्यावर लावू." त्यांच्या अंगठ्याचा ताल थांबला. ते ब्रश धुवायला गेले. मला वाटलं, थकले असतील.

या हिवाळ्यात मामा हार्ट अटॅकनं गेले. महिन्याभरानं मामी पिंगळीला आल्या, पोत्यात गुंडाळलेली पाटी घेऊन. पाटीवर लिहिलं होतं 'णुका आर्ट्स, पिंगळी'. 'रे'ची जागा मोकळी, शिरोरेषा नाही. मामी म्हणाल्या, "लय येळा म्हणलं, पुरी करून टाका. तर म्हणायचे, पहिलं अक्षर रेणुकाचं हाय, तिला वाटंल तवा लिहील." सोबत ते रंगानं माखलेलं प्रमाणपत्रही होतं.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा आठ दिवसांवर होती. निकाल लागला की बघू, असं म्हणत मी पाटीवर पोतं परत गुंडाळायला घेतलं. सुतळीची गाठ मारता मारता हात थांबला. मामांचा अंगठा का थांबला होता, ते मला त्या क्षणी कळलं. मी खाली बसून खूप रडले.

मग रंगाचा डबा उघडला. 'रे' जरा तिरका आला, तसाच राहू दिला. मामांच्या डी.एड.ची कड पाटीवर धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढली. मागे वळून पाहिलं तर आबा हातोडी आणि खिळे घेऊन दारात उभे होते.