उसन्या नसांची माणसं

नस फार हळू वाढते. आमच्या दवाखान्यातल्या ताई म्हणायच्या, महिन्याला बोटाच्या एका पेराएवढी. आता एवढ्या सावकाश येणाऱ्या पाहुण्याची वाट बघत चार माणसं एका खोलीत बसली, की दुसरं काय होणार? कासाराच्या बैठकीखाली काचा साठतात तसे किस्से साठत जातात. झाडून टाकले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच!

मी उमरीचा कासार. शाळेचं तोंड पाहिलं नाही, जन्म गेला बायाबापड्यांचे हात भरण्यात. ज्या साली लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं आलं, त्याच साली बांगड्यांचं काचेचं कपाट उतरवताना माझ्या उजव्या कोपरावर आलं. हात राहिला, पण बोटांतला जीव गेला. चिमूट धरता येईना. चिमूट नाही तर बांगडी कशी धरणार? ऑपरेशन लातूरला झालं. मग लेकीच्या घरी मुक्काम आणि रोज दवाखान्यातल्या ‘हातांच्या खोली’त हजेरी.

---

ऑपरेशन काय केलं ते रेश्माताईंनी समजावून सांगितलं. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई, वयानं माझ्या नातीएवढ्या. म्हणाल्या, “मामा, तुमची बोटांची नस वाळली. म्हणून पंजा पालथा घालणाऱ्या नसेचं टोक काढून तिला जोडलंय.”

मी म्हटलं, “म्हंजे शेजारच्या बोअरचा पाइप आपल्या नळाला!”

“अगदी तसंच! म्हणून चिमूट धरायची असेल तेव्हा मनात म्हणायचं, पंजा पालथा घाल.”

शेजारी गणपतअप्पा बसले होते. उदगीरकडचे धान्याचे आडतदार, कपाळावर भस्माचे पट्टे. ते म्हणाले, “पाइप जोडला ते ठीक हाय. बोअरला पाणी हाय का ते बघा आधी!”

---

पहिल्या आठवड्यात ताईंनी माझ्यापुढं कागद ठेवला, बोटांत पेन अडकवला. “मामा, तुमचं नाव लिहून दाखवा.”

मी कागदाकडं बघत बसलो. बघतच बसलो. ताईंना वाटलं, हात दुखून राहिला असेल. “सावकाश लिहा, घाई नाही.”

म्हटलं, “ताई, हात चांगला होता तवाबी हे जमलं न्हाई. तुमच्या ऑपरेशननं जमलं, तर सगळी उमरी इथं आणून बसवतो!”

ताईंनी पेन काढून घेतला आणि हातात बांगडी दिली. “मग हे येतं ना? हेच करा.”

बांगडी खाली पडली. मी उचलली. पुन्हा पडली. मग दिवसभर आमचं तेच चाललं.

---

अप्पांचं प्रकरण आमच्याहून न्यारं. मोटारसायकलवरून पडून डावा हात खांद्यापासून लुळा. त्यांच्या कोपराला बरगडीची नस जोडलेली, श्वासाची! त्यामुळं अप्पांनी मोठा श्वास घेतला की कोपर आपोआप वाकायचं. खोकला आला की हात वर. शिंक आली की मग तर झटक्यात वर!

तेव्हा तिकडं लातूर तोडून नवा जिल्हा होणार अशी हवा उठली होती. अप्पांच्या गावात बैठक बसली. अप्पा पक्के लातूरवाले. “मेलो तरी लातूर सोडायचं न्हाई,” असं घसा बसेपर्यंत ओरडले आणि थकून खुर्चीत टेकले.

सरपंच म्हणाले, “नव्या जिल्ह्यात जायचं म्हणणारांनी हात वर करा.”

दुष्काळाची धूळ, वारं सुटलेलं. अप्पांना शिंक आली!

“घ्या!” सरपंच ओरडले. “अप्पाबी आले आपल्याकडं!” टाळ्या पडल्या.

अप्पा उठले. “न्हाई! न्हाई! म्या लातूरचाच!” पण ओरडायचं म्हणजे श्वास घ्यावा लागतो. जितकं ओरडावं तितका हात वर! तोंड म्हणतंय लातूर, हात म्हणतोय नवा जिल्हा!

दुसऱ्या दिवशी खोलीत आले ते धुमसतच. सगळं सांगितलं. “ताई, इज्जत गेली माझी!”

ताईंचे डोळे चमकले. “ते राहू द्या अप्पा. कोपर पुरतं वाकलं का?”

---

ताईंना धरून आमच्यात चौथी गिरजाबाई. डाळमिलमध्ये कामाला. यंत्राच्या पट्ट्यात मनगट सापडलं, तिलाही नस जोडलेली. बोटं आत वळलेली, त्यांना गरम-गार काही कळायचं नाही. ती तो हात कायम पदराखाली ठेवायची. तिला आणणारा तिचा दीर रोज म्हणायचा, “वैनी, जाऊ द्या की तो हात. दुसरा हाय न्हवं?”

ती एकदाच फणकारली, “तुमाला दोन डोळे हायत. एक जाऊ द्या की!”

त्यानंतर दीर बाहेरच्या बाकावर बसायला लागला.

खरं तर आमचे हात कोमट पाण्यात बुडवून व्यायाम घ्यायचा होता. पण लातुरात प्यायला पाणी नव्हतं, हात बुडवायला कुठलं! ताईंनी डोकं चालवलं. टबात तूरडाळ भरली. त्यात हात घालायचा, मुठी वळायच्या. डाळ अप्पांनीच दिली, मोठ्या तोऱ्यात. “आमच्या आडतीची हाय. एक नंबर माल!”

गिरजाबाई म्हणाली, “जन्म गेला डाळीत, हात गेला डाळीत. आता बरा व्हायचा तोबी डाळीतच!”

कितीतरी दिवस ती नुसता हात घालायची आणि काढायची. एके दिवशी थबकली. कपाळाला आठ्या घातल्या. तोंडानं च्यक् केलं.

“काय झालं?” ताईंनी विचारलं.

“अप्पा, तुमच्या डाळीत खडा हाय की वो!”

अप्पा भडकले. “शक्यच न्हाई! माझ्या मालात खडा?”

“हाय म्हणते न्हवं! हे काय, बोटाला टोचून राहिलाय!”

अप्पा आणखी बोलणार होते. ताईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. गिरजाबाईनं डाळीतून वळलेली बोटं वर काढली आणि त्या बोटांकडंच बघत राहिली.

अप्पा हळूच म्हणाले, “हाय. लई खडे हायत आमच्या डाळीत.”

---

माझं मात्र अडलं होतं. चिमूट यायला लागली, पण थरथरायची. घरी लेकीनं हात पुढं केला. भरता भरता बांगडी फुटली, तिच्या मनगटाला काच लागली. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत. लेक म्हणाली, “वाढली, बाबा. दुसरी घ्या.” दुसरीही वाढली.

उमरीहून माझा पोरगा बालाजी आला होता. तो म्हणाला, “बाबा, किती वाढवणार अजून? दिवाळीच्या पाडव्यापासून आपल्या दुकानात मोबाइलचे कव्हर लावू. बांगड्या काढून टाकू. कव्हर घालायला तुमचा हात लागत न्हाई.”

“म्हंजे आता मोबाइलचे हात भरायचे?”

“हसू नका बाबा. म्या खरंच बोलून राहिलो.”

“म्याबी खरंच बोलतो. पाडव्याच्या आधी एक हात भरून दाखवतो. एकबी बांगडी न वाढवता. न्हाई जमलं, तर लाव तुझे कव्हर.”

खोलीत सांगितलं तर अप्पा म्हणाले, “कुणाचा हात भरणार? लेकीच्या हाताला तर पट्ट्या लावल्यात तुम्ही!”

---

पाडवा तोंडावर आला. बालाजी मला न्यायला दवाखान्यात आला, दाराशी उभा राहिला. मी पिशवीतून हिरव्या बांगड्यांचं बंडल काढून टेबलावर ठेवलं आणि ताईंना म्हटलं, “ताई, तुमचा हात द्या.”

ताई पुढं येणार, तेवढ्यात गिरजाबाई उठली. माझ्यासमोर येऊन बसली. पदराखालून हात काढला. तोच हात, पट्ट्यात सापडलेला. टेबलावर ठेवला.

“भरा, मामा.”

नवरा गेल्याला तिला सात वर्षं झाली होती. त्या हातात तेव्हापासून काही नव्हतं.

दार उघडं होतं. बाकावरून दीर उठला. “वैनी! हे काय? लोक काय म्हणतील?”

ती माझ्याकडंच बघत होती. “पट्ट्यानं हात धरला तवा एकबी आला न्हाई लोकांतला. भरा मामा, बघता काय!”

मी तिचा पंजा हातात घेतला. काडीसारखा हलका झालेला. मनात म्हटलं, पालथा घाल. माझी बोटं जवळ आली. तिच्या अंगठ्याचं मूळ दाबलं तशी तिनं बोटं आवळली. तिला ती आवळता येत होती! पहिली बांगडी सरकली. मग दुसरी. अप्पांनी श्वास धरून ठेवला होता, त्यामुळं त्यांचा हात छातीशी जाऊन अडकलेला. शेवटची मनगटावर उतरली. टेबलावर एकसुद्धा काच पडली नव्हती.

बालाजी पुढं आला, उरलेलं बंडल उचलून त्यानं पिशवीत नीट बांधलं. “असल्या हिरव्या अजून किती आणाव्या लागतील, बाबा?”

दीर दारातच उभा. माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही हे त्यानं ओळखलं असावं. त्यानं आवाज उतरवून ताईंना विचारलं, “डॉक्टरीणबाई, हे... व्यायामाचं हाय न्हवं? घरी जाताना काढायच्या ना?”

ताई डाळीचा टब पुसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “काढायच्या नाहीत. आणि मामा, दुसरा हात राहिला की हो. व्यायाम दोन्ही हातांचा असतो.”