घासलेलं मडकं

वय झालं, दात गेले, पण त्या साहेबांवरचा माझा राग काही गेला नाही.

भोरला तेव्हा संस्थान होतं. मी हिर्डोशीच्या बाजूला एका शाळेवर मास्तर होतो. शाळा तिसरीपर्यंतच. पुढं शिकायचं तर पोरांनी भोर गाठायचं, म्हणजे शिकायचंच नाही. अशात उन्हाळ्यात भोरला शिक्षकांसाठी सृष्टिज्ञानाचा वर्ग निघाला. मास्तर त्यात पास झाला तर शाळेला चौथी मिळणार होती. येताना एक मडकं आणा, असा निरोप होता.

मी आईचं आंबिलीचं मडकं मागून घेतलं. आमच्याकडं ते कधी घासत नाहीत. तळाला कालची थोडी आंबील ठेवायची, तिच्यावर आजचं नाचणीचं पीठ कालवायचं. आई लग्न होऊन आली तेव्हापासून हे चाललेलं. शेजारणीलाही ती त्याला हात लावू देत नसे. चौथीसाठी म्हणून तिनं दिलं.

शिकवायला पुण्याचे साहेब. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आंबवण्याचं काम सूक्ष्म जीव करतात.' प्रयोग सोपा होता. मडक्यात पीठ आणि गुळाचं पाणी कालवून तोंड बंद करायचं, एक नळी चुन्याच्या निवळीत सोडायची. पीठ आंबलं की वायू सुटतो आणि निवळी दुधासारखी पांढरी होते.

साहेबांनी माझ्या मडक्यात डोकावून नाक धरलं.

"मास्तर, हे घाण भांडं मुलांपुढे ठेवणार तुम्ही?"

सगळा वर्ग हसला. शिपायानं मडकं राखेनं खसाखसा घासलं आणि वर उकळतं पाणी ओतलं. फळ्यावर ते वाक्य तसंच होतं! अहो, त्या जिवांचाच तर प्रयोग होता. मला सगळं कळत होतं, पण मी ब्रसुद्धा काढला नाही.

बाकीच्यांच्या कोऱ्या मडक्यांत साहेबांनी पुण्याहून आणलेल्या यीस्टची चिमूट टाकली. माझ्यापाशी येईतो डबी संपली. "नाचणी आपोआप आंबते," म्हणाले. आंबते, पण एका दिवसात? दुसऱ्या दिवशी माझी निवळी होती तशीच नितळ. साहेबांनी शेरा मारला, 'प्रयोग जमत नाही.' नापास.

घरी आल्यावर आईला आधी चौथीचं सांगितलं, मग मडक्याचं. तिनं आत बोट फिरवून वास घेतला.

"उकळतं पानी वतलं? आरं, त्यात जीव असतोय."

"त्यात जीव असतात, हे साहेबांनीच शिकवलं."

"मग तू का बोलला न्हाईस?"

"साहेब होते ते."

"आन मडकं कुनाचं व्हतं?"

शाळा उघडली त्या दिवशी तिसरी पास झालेल्या दोन पोरी दारात आल्या. चौथी मिळाली का, विचारू लागल्या. साहेबांनी दिली नाही, असं मी सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण माझं तोंड वेळेवर उघडलं नाही, हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.